मदतनिसाला काम नीट सांगा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



‘एजंट’ हा शब्द आपल्याला नवा नाही. विम्याचा एजंट आपण पाहिला आहे, जमिनीचा व्यवहार जुळवून देणारा एजंट पाहिला आहे. मोंढ्यातला अडत्या हाही एका अर्थाने एजंटच. जे काम आपल्याला स्वतः जमत नाही किंवा ज्याला आपल्याकडे वेळ नाही, ते दुसऱ्याने आपल्या वतीने करायचे, ही त्यातली मूळ कल्पना. गेल्या दोन-तीन वर्षांत या मंडळींत आणखी एकाची भर पडली आहे. तो माणूस नाही, संगणकावर चालणारा मदतनीस आहे. त्याला ‘एआय एजंट’ म्हणतात. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. तो किती हुशार आहे याचे कौतुक बरेच झाले आहे. त्याला काम कसे सांगायचे, हा माझा आजचा विषय. हा विषय फक्त संगणकवाल्यांचा आहे असे समजून रेडिओ बंद करू नका. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याच्या खिशाशी त्याचा सरळ संबंध आहे.

आधी हा मदतनीस काम कसे करतो ते पाहू. त्याच्या मुळाशी असते ते भाषेचे प्रारूप, म्हणजे भरपूर मजकूर वाचून तयार झालेले, माणसासारखे वाक्य रचणारे यंत्र. ते बोलके असते. पण त्याला हात नसतात. ‘आज लातूरला सोयाबीन काय भावानं गेलं?’ असे त्याला विचारले, तर आजचा भाव त्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. त्याने वाचलेला मजकूर जुना असतो. तरीही त्याने उत्तर दिलेच, तर तो अंदाज असेल. आणि अंदाज सफाईदार मराठीत सांगितला म्हणून खरा होत नाही.

म्हणून त्याला साधने दिली जातात. साधन म्हणजे एकच काम करणारा छोटा संगणक कार्यक्रम. एक साधन बाजार समित्यांच्या नोंदींतून भाव काढून आणते, दुसरे हवामानाचा अंदाज आणते, तिसरे एखाद्या अर्जाची स्थिती सांगते. मदतनीस आपला प्रश्न ऐकतो, कोणते साधन वापरायचे ते ठरवतो, त्या साधनाला लागणारी माहिती भरतो, आलेले उत्तर वाचतो आणि ते आपल्याला आपल्या भाषेत सांगतो.

आता कळीचा मुद्दा. या साधनाच्या आत काय चालते, हे मदतनिसाला सहसा दिसत नाही. त्याला दिसतो तो साधनासोबत दिलेला मजकूर: साधनाचे नाव, ते काय करते, त्याला काय पुरवायचे आणि त्यातून काय बाहेर येते. या मजकुराला आपण ‘माहितीपत्रक’ म्हणू. दुकानात नवा नोकर आला, की तो निदान शेजारच्याला विचारतो, मालकाच्या चेहऱ्याकडे पाहतो, चार दिवसांत रीत शिकतो. या मदतनिसाला शेजारी नाही. त्याची ओळख पत्रकापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते. पत्रकात जे लिहायचे राहिले, ते त्याच्या लेखी जगात नाही.

साधने मदतनिसाला जोडण्याची सोय जून २०२३ मध्ये ‘ओपनएआय’ कंपनीने आपल्या प्रारूपांत दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अँथ्रोपिक’ कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली. घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच मापाची पिन असावी, तशी ही सोय आहे. एकदा साधन या पद्धतीने तयार केले, की वेगवेगळ्या कंपन्यांचे मदतनीस ते वापरू शकतात. पिन एकसारखी झाली, पण उपकरणासोबतचा कागद नीट लिहिण्याचे काम मात्र लिहिणाऱ्याकडेच राहिले.

आपल्या राज्यात हे दूरचे भविष्य नाही. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने मे २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे ॲप सुरू केले. हवामान, बाजारभाव, पिकाचा सल्ला, सरकारी योजना यांविषयी शेतकऱ्याने मराठीत विचारावे आणि मराठीत उत्तर मिळवावे, हा त्याचा हेतू. पुढच्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला मंजुरी दिली. २०२५ ते २०२९ या काळासाठीच्या या धोरणात पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपये ठेवले आहेत. म्हणजे असे मदतनीस वाढत जाणार आहेत. त्यांच्यामागे साधने असतील आणि प्रत्येक साधनामागे कुणीतरी लिहिलेले एक माहितीपत्रक असेल. ते कसे असावे, हे आपल्या मोंढ्यातलीच उदाहरणे घेऊन पाहू.

भाव म्हणजे नेमका कोणता?

समजा, एका साधनाच्या पत्रकात एवढेच लिहिले आहे: ‘शेतमालाचे भाव मिळवते. माल, ठिकाण आणि तारीख द्या.’ वाचायला काही चूक वाटत नाही. पण बाजार समितीच्या भावाच्या तक्त्यात तीन आकडे असतात: किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. किमान दर हा बहुधा भिजलेल्या, डागी मालाचा. कमाल दर एखाद्या निवडक ढिगाचा. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या दराच्या आसपास गेला तो. मोंढ्यात उभ्या असलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. मदतनिसाला सांगावा लागतो. नाहीतर तो कमाल दर हाच ‘आजचा भाव’ म्हणून सांगेल. शेतकरी त्या आशेवर टेम्पो भरून निघेल आणि सौद्याच्या वेळी अडत्याशी भांडत बसेल. भाडे गेले, दिवस गेला, आणि दोष कुणाचाच नाही.

तेच पत्रक नीट लिहिले तर असे होईल: ‘हे साधन दिलेल्या बाजार समितीतील दिलेल्या दिवसाचे दर आणते. सर्व दर रुपये प्रति क्विंटल आहेत. शेतकऱ्याने नुसता भाव विचारला असेल तर सर्वसाधारण दर सांगा. किमान आणि कमाल दर सोबत द्या. त्या दिवशी सौदे झाले नसतील तर उत्तर रिकामे येते. याचा अर्थ भाव शून्य आहे असा नाही. अशा वेळी आधीच्या बाजाराच्या दिवसाचे दर मागवा आणि ते कोणत्या तारखेचे आहेत हे स्पष्ट सांगा. मालाची जात किंवा प्रत वेगळी असेल तर दर वेगळे असतात. प्रत ठाऊक नसेल तर विचारा.’

एवढे सात-आठ ओळींचे काम. पण त्यात मोंढ्याचे शहाणपण उतरले आहे. तूर लाल की पांढरी, हळदीची कांडी की गोल गड्डा, यावर दर फिरतो. हे ज्याला माहीत आहे त्यानेच ते पत्रक लिहायला हवे, किंवा लिहिणाऱ्याने त्याच्याशेजारी बसून लिहायला हवे.

मापे आणि नावे

चुकांचे दुसरे मोठे घर म्हणजे मापे. आपल्याकडे शेतकरी जमीन एकर-गुंठ्यांत सांगतो आणि सातबारावर ती हेक्टर-आरमध्ये असते. ‘दोन एकर वीस गुंठे’ हे कित्येक जण २.२० असे लिहितात. एका एकरात ४० गुंठे असल्याने हे प्रत्यक्षात अडीच एकर, म्हणजे सुमारे १.०१ हेक्टर. आता बियाण्याचा हिशेब करणाऱ्या साधनाच्या पत्रकात नुसते ‘क्षेत्र द्या’ असे लिहिले असेल आणि साधन हेक्टर धरत असेल, तर मदतनीस २.२० हाच आकडा पुढे सरकवील. एकरी ३० किलो सोयाबीन धरले तर लागणार ७५ किलो. साधन सांगेल सुमारे १६३ किलो. दुपटीहून जास्त. ज्याला शेती कळते तो हसून सोडून देईल. पण हाच आकडा एखाद्या मागणीअर्जात परस्पर भरला गेला तर?

इलाज सोपा आहे. रकान्याचे नाव ‘क्षेत्र’ असे न ठेवता ‘क्षेत्र हेक्टरमध्ये’ असे ठेवावे. पत्रकात लिहावे की शेतकरी एकर-गुंठ्यांत सांगेल, ४० गुंठे म्हणजे एक एकर, एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, रूपांतर करून शेतकऱ्याला ते वाचून दाखवा आणि मगच पुढे जा.

माप चुकल्याने काय होते याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या अंतराळ संस्थेचे आहे. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी पोहोचले आणि नष्ट झाले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने यानाला मिळालेल्या धक्क्याचे आकडे पौंडाच्या मापात दिले होते. पुढच्या सॉफ्टवेअरने ते न्यूटनच्या मापात समजून घेतले. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की कोणते माप वापरायचे हे कागदावर ठरलेले होते. सॉफ्टवेअरने ते पाळले नाही आणि ते पाळले जात नाही हे वेळेत पकडले गेले नाही. म्हणजे पत्रक नुसते लिहून भागत नाही. साधन खरोखर तसेच वागते का, हे तपासावे लागते.

मापांनंतर नावे. ‘लातूर’ आणि ‘लातूर रोड’ ही रेल्वेची दोन वेगळी स्थानके आहेत. लातूर रोड चाकूर तालुक्यात आहे आणि दोघांत तीसएक किलोमीटरचे अंतर आहे. आपल्याला हे शाळेपासून माहीत. बाहेरच्या शहरात बसून रेल्वेचे साधन जोडणाऱ्याला ते माहीत असेलच असे नाही. पत्रकात एक वाक्य हवे: ‘प्रवासी लातूर म्हणाला तर लातूर शहराचे स्थानक धरा, लातूर रोड हे वेगळे जंक्शन आहे, शंका आल्यास विचारा.’ हे वाक्य नसेल तर कुणा म्हाताऱ्या जोडप्याला अपरात्री सामानासह भलत्याच फलाटावर उतरावे लागेल.

जिल्ह्यांच्या नावांचेही तसेच. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या नोंदी जुन्या नावाने आहेत, नव्या नोंदी नव्या नावाने. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातूनच वेगळा झाला. म्हणजे त्याआधीची आकडेवारी शोधायची तर ती उस्मानाबादच्या खात्यात. दोन्ही नावांनी एकच जिल्हा सापडतो की नाही, कोणत्या सालापर्यंत कोणते नाव चालते, हे पत्रकाने सांगितले पाहिजे. गावांच्या बाबतीत तर एका नावाची अनेक गावे असतात. तिथे नुसते नाव न घेता तालुका आणि जिल्हा विचारावा आणि शासनाचा गाव-क्रमांक वापरावा, हेच सुरक्षित.

आणि वाणांची नावे! एखादा शेतकरी म्हणेल, ‘तीनशे पस्तीस पेरलंय.’ तो ‘जेएस ३३५’ या सोयाबीनच्या वाणाविषयी बोलतो आहे. ‘एकाहत्तर’ म्हणाला तर तो परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘एमएयूएस ७१’ असू शकेल. बोलण्यातले हे आकडे मदतनिसाने भाव समजावेत की वजन? पत्रकात प्रचलित नावांची यादी दिली, तर प्रश्न मिटतो.

कधी थांबायचे, हेही लिहा

चांगल्या पत्रकाची तिसरी खूण म्हणजे ते साधन कधी वापरू नये, हेही सांगते. २०२३ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला होता. तेव्हापासून पान पिवळे दिसले की मनात तीच धास्ती येते. पण सोयाबीन पिवळे पडण्याची कारणे अनेक. लोहाची कमतरता असली तर पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. शेतात पाणी साचले तरी पीक पिवळे पडते. मोझॅक मात्र विषाणूचा असतो आणि पांढरी माशी तो पसरवते. तिथे रोगट झाडे उपटणे आणि माशीचा बंदोबस्त हा मार्ग. लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक मारले तर पैसा जातो, पीक सुधारत नाही.

‘पिकाच्या रोगावर औषध सुचवते’ एवढेच पत्रक असेल, तर ‘सोयाबीन पिवळं पडलंय’ एवढे ऐकून मदतनीस लगेच औषध सांगून मोकळा होईल. पत्रकात असायला हवे: ‘केवळ रंगावरून हे साधन वापरू नका. शिरा हिरव्या आहेत का, पिवळे ठिपके आहेत की सगळे पान पिवळे आहे, शेतात पाणी साचले होते का, पानाखाली पांढरी माशी दिसते का, हे आधी विचारा. खात्री नसेल तर कृषी सहायकाला पीक दाखवण्याचा सल्ला द्या.’ घाई करणाऱ्याला थांबवणे हेही पत्रकाचे काम आहे. चांगला डॉक्टर आधी नाडी बघतो, मग चिठ्ठी लिहितो.

माहिती आणणारे साधन आणि काम करून टाकणारे साधन यांतला फरकही ठळक लिहायला हवा. भाव दोनदा विचारला तर काही बिघडत नाही. अर्ज दोनदा भरला तर बिघडते. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. हमीभावाने विक्रीची नोंदणी करायची तर सातबारावर त्या पिकाची नोंद लागते. अशा नोंदी मदतनिसाच्या हाती गेल्या तर काय काय होऊ शकते, याचा विचार करा. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात रेंज येते आणि जाते. मदतनिसाने नोंद पाठवली, उत्तर आले नाही. नोंद झाली की नाही? त्याने पुन्हा पाठवायची का?

हे ठरवण्याचा अधिकार अंदाजाला देता कामा नये. मघाशी सांगितलेल्या खुल्या पद्धतीत यासाठी खुणा ठेवलेल्या आहेत: हे साधन फक्त वाचते की काही बदलते, बदल पुसून टाकणारा आहे का, तेच काम पुन्हा केले तर दुसऱ्यांदा परिणाम होतो का. या खुणा लावाव्यातच, पण त्यासोबत साध्या वाक्यात लिहावे: ‘उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवू नका, आधी स्थिती पाहण्याचे साधन वापरा. दाखल करण्यापूर्वी गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र शेतकऱ्याला वाचून दाखवा आणि त्याचा होकार घ्या.’ अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचून दाखवावा, ही आपली जुनी अपेक्षा. ती यंत्रालाही लागू आहे.

चुकले तर काय, हेही तितकेच महत्त्वाचे. कित्येक साधने चूक झाली की एखादा आकडा फेकतात: ‘त्रुटी ४००’. माणूसही त्यातून काही समजत नाही. त्याऐवजी ‘तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने हवी, आपण महिना आधी दिला आहे’ असे उत्तर आले, तर मदतनीस लगेच चूक सुधारून पुन्हा प्रयत्न करतो. चुकीचा संदेश हादेखील माहितीपत्रकाचाच भाग आहे, हे लिहिणारे विसरतात.

या बाबतीत जुन्यांकडून शिकण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली बनवली. तिची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात प्रत्येक आज्ञेच्या पानाची ठरलेली मांडणी होती: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित पाने आणि ‘बग्ज’ म्हणजे ठाऊक असलेले दोष. आपल्या मालातला दोष आपणच छापून सांगायचा! दुकानदारीत हे विचित्र वाटेल. पण त्यामुळेच वापरणाऱ्याला कशावर विसंबायचे आणि कशावर नाही हे कळत असे. आजच्या साधनांच्या पत्रकात असा एक रकाना असावा: ‘या साधनाला काय जमत नाही.’

तारीख नसलेला कागद

पत्रक एकदा लिहिले की संपले, असे नसते. कागद शिळा होतो. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याने खरिपाच्या पिकांना २ टक्के, रब्बीच्या पिकांना दीड टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के हिस्सा भरायचा, ही पद्धत परत आली. २०२३ चे पत्रक तसेच पडून राहिले, तर मदतनीस आजही आत्मविश्वासाने ‘एक रुपया भरा’ म्हणेल.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली. त्या दिवसांत १४ टक्के ओलाव्याचे सोयाबीन घेऊन बसलेल्या शेतकऱ्याने मदतनिसाला विचारले असते आणि मदतनिसाने जुने पत्रक वाचून ‘तुमचा माल बसत नाही’ असे सांगितले असते, तर तो माल हमीभावापेक्षा कमी दराने मोंढ्यात गेला असता. आणि नंतरच्या हंगामात तीच १५ टक्क्यांची सवलत कायमची समजून सांगणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक. म्हणून प्रत्येक पत्रकावर दोन गोष्टी हव्यात: ही माहिती कोणत्या तारखेची आहे आणि ती कधीपर्यंत धरायची. सरकारी आदेशावर तारीख नसेल तर आपण तो मानत नाही. मग यंत्राच्या कागदाला वेगळा न्याय का?

आता कुणी म्हणेल, मग सगळेच लिहून टाकावे, पन्नास पानांचे पत्रक करावे. तेही बरोबर नाही. मदतनिसाच्या वाचण्याला मर्यादा असते. शंभर साधने आणि प्रत्येकाचा पोथीएवढा मजकूर समोर टाकला, तर तो गोंधळतो आणि दोन सारख्या दिसणाऱ्या साधनांत चुकीचे उचलतो. साधने थोडी, प्रत्येकाचे काम एकमेकांपासून वेगळे आणि मजकूर नेमका, हे उत्तम.

नेमके कसे लिहावे याचा एक नमुना आपल्या मराठीत सातशे वर्षांपासून आहे. महानुभाव पंथाच्या केशोबासांनी तेराव्या शतकात ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केला. त्याची रचना तीन पायऱ्यांची: आधी चक्रधरस्वामींचे सूत्र, मग त्यांनी सांगितलेला दृष्टान्त, आणि मग त्या दृष्टान्तातून काय घ्यायचे ते उलगडणारे दार्ष्टान्तिक. नुसते सूत्र कळत नाही. नुसती गोष्ट भलतीकडे नेऊ शकते. साधनाच्या पत्रकातही हीच तीन पावले उपयोगी पडतात. नियम एका वाक्यात. मग एक खरे उदाहरण: ‘शेतकरी म्हणाला, दोन एकर वीस गुंठे, साधनाला द्यायचे १.०१.’ आणि मग खुलासा: ‘कारण गुंठे दशांश नाहीत, चाळिसांश आहेत.’ एवढे पुरते.

हे लिहायचे कुणी?

माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. संगणकाचा कार्यक्रम पुण्या-बंगळुरूत किंवा परदेशात लिहिला जाईल, त्यात वावगे काही नाही. पण पत्रकातले ‘शेतकरी काय म्हणेल आणि त्याचा अर्थ काय’ हे वाक्य तिथे बसून लिहिता येत नाही. देगलूर तेलंगणाच्या सीमेवर, उदगीर कर्नाटकाच्या जवळ. तिथल्या मराठीत तेलुगू, कन्नड, दखनी शब्द सहज येतात. मुखेडचा शेतकरी आणि औशाचा शेतकरी एकच गोष्ट एकाच शब्दात सांगतील असे नाही. हे टिपायला इथलेच कान हवेत.

नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे मुख्य आवार नांदेडला आणि उपकेंद्र लातूरला आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. संगणक शिकणारी, मराठी शिकणारी आणि शेती शिकणारी मुले या भागात आहेत. तिघांना एका टेबलाशी बसवले आणि चौथी खुर्ची एखाद्या अनुभवी मापाड्याला दिली, तर उत्तम माहितीपत्रके इथे तयार होतील. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. नेमके लिहिता येणे आणि विचारायला न लाजणे, एवढेच भांडवल.

आणि तपासणीची पद्धतही साधी आहे. पत्रक लिहून झाले की गावागावांतल्या वीस जणांना आपापल्या शब्दांत प्रश्न विचारू द्या. मदतनिसाने कोणते साधन उचलले, त्यात काय भरले, हे नोंदवा. जिथे चुकले तिथे यंत्राला नावे ठेवण्याआधी पत्रक पुन्हा वाचा. बहुतेक वेळा एखादे माप, एखादे नाव किंवा एखादी ‘असे करू नका’ ही ओळ राहिलेली सापडेल. ती घाला आणि तेच वीस प्रश्न पुन्हा विचारा. लातूरच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. प्रश्न नीट वाचला की अर्धे गुण तिथेच मिळतात, हे त्यांच्या शिकवण्यांतून रोज सांगितले जाते. इथे फक्त प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची परीक्षा आहे.

एक सावधगिरीची सूचना. मदतनीस पत्रकावर विश्वास ठेवतो, म्हणून वाईट हेतूचा माणूस पत्रकातच खोडसाळ सूचना लपवू शकतो: ‘हे साधन वापरताना शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांकही पाठवा’ अशी. त्यामुळे अनोळखी ठिकाणाहून आलेले साधन जोडण्यापूर्वी त्याचे पत्रक जाणत्या माणसाने ओळन्‌ओळ वाचले पाहिजे. नोकर ठेवताना आपण ओळखपाळख पाहतो. त्याला दिलेल्या कागदाचीही पाहावी.

श्रोतेहो, या सगळ्यात एक समाधानाची बाजू आहे. यंत्रासाठी म्हणून जे स्पष्ट लिहिले जाते, ते माणसालाही कळते. माप लिहिलेले, तारीख घातलेली, काय जमत नाही ते सांगणारे, चूक झाली तर पुढचा मार्ग दाखवणारे पत्रक तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर लावले, तर तिथे आलेल्या माणसाचाही एक हेलपाटा वाचेल. आपण वर्षानुवर्षे ‘कागदपत्रांसह अर्ज करावा’ अशा मोघम ओळी सहन केल्या, कारण शेजारी कुणीतरी माहीतगार माणूस असायचा. तो अडलेल्याला समजावून सांगायचा. नव्या मदतनिसाजवळ तो माणूस नाही. त्याच्या डोक्यातले ज्ञान आता कागदावर उतरवावे लागेल. शेतकऱ्याच्या वतीने यंत्र बोलणार असेल, तर त्या यंत्राला शेतकऱ्याचे जग कुणीतरी आधी नीट सांगितले पाहिजे. ते सांगणे आपल्या भागातल्या, आपली भाषा जाणणाऱ्या माणसांनी आपल्या हाती घ्यावे, एवढेच मागणे.